"मग पुढे काय झालं?" – साहसकथांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पोरांना साहसाच्या गोष्टी सांगताना शेवटी तात्पर्य सांगू नका, गोष्ट संपली की गप्प बसा आणि त्यांना विचारू द्या. त्यावर इतकी पत्रं आली, मेसेज आले, दोन आजोबांनी तर फोन करून चांगलंच सुनावलं, म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्याच प्रश्नांना देतेय. आमच्या सोसायटीच्या हॉलमधे दर शनिवारी गोष्टींचा कट्टा असतो, वीसबावीस पोरं येतात, मला जे काही कळलंय ते त्यांच्याकडूनच कळलंय, त्यामुळे उत्तरांमधे ती मधेमधे येतीलच.

ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शिवाजी महाराजांची गोष्ट सुरू केली की दुसऱ्याच वाक्याला "माहितीये गं आई" म्हणतो आणि मोबाईल मागतो. मला दुसऱ्या गोष्टी कुठे येतात? रोज रात्री नवीन कुठून आणू? – एक आई, सातारा

नवीन आणूच नका. त्याला काय झालं ते माहितीये, कसं झालं ते माहिती नाहीये, आणि पोरांना खरी ओढ त्या 'कसं'चीच असते. आग्र्याहून सुटकाच घ्या, पण पेटाऱ्यांपासून सुरुवात करू नका, आधी नुसतं विचारा की तेव्हा शंभूराजे केवढे होते रे? त्यांचा जन्म १४ मे १६५७ चा आणि सुटका १७ ऑगस्ट १६६६ ची, म्हणजे तुमच्या लेकाएवढेच, नऊ वर्षांचे! हे कळलं की तो मोबाईल खाली ठेवेल बघा.

मग एकेक पायरी सांगा. १२ मे १६६६ ला दरबारात अपमान झाला, मग फुलादखानाचा पहारा बसला. आणि अशा वेळी महाराजांनी काय केलं, तर बरोबर आलेल्या आपल्याच माणसांना परत पाठवायची परवानगी मागितली. इथे थांबा. अडकलेला माणूस आपलीच माणसं लांब का पाठवेल? पोराला विचार करू द्या, घाई करू नका, आमच्या कट्ट्यावर यावरच पंधरा मिनिटं गेली होती. मग आजारपण, मग मिठाईचे पेटारे, रोज पेटारे, सुरुवातीला पहारेकरी उघडून बघणार आणि मग रोज रोज तेच बघून कंटाळणार. मग हिरोजी फर्जंद पलंगावर पांघरूण घेऊन झोपलेला. महाराज पेटाऱ्यात बसून निघाले की वेष पालटून चालत निघाले यावर अभ्यासकांमधे मतभेद आहेत, तेही सांगून टाका, पोरं दोन पार्ट्या करून वकिलासारखी भांडतात आणि भांडताना सगळा नकाशा पाठ होतो.

आणि सगळ्यात भारी भाग तर पुढेच आहे जो आपण नेहमी गाळतो. आग्र्याहून सुटल्यावर ते घराच्या दिशेने पळाले नाहीत, घर दक्षिणेला आणि ते गेले वर मथुरेकडे! आणि तिथे शंभूराजांना मोरोपंतांच्या नात्यातल्या कुटुंबाकडे ठेवून महाराज पुढे निघाले, कारण नऊ वर्षांचा मुलगा बरोबर असला की ओळख पटणार. म्हणजे परक्या मुलखात, परक्या घरात, वडील दूर गेलेले आणि आपण कोण हे कोणालाही सांगायचं नाही. मी हे सांगितलं तेव्हा एक तिसरीतली मुलगी म्हणाली, रात्री ते रडले असतील का? मी म्हटलं तुला काय वाटतं. ती म्हणाली, रडले असतील पण आवाज न करता. ती गोष्ट आता माझ्यापेक्षा तीच चांगली सांगते.

मी सातवीत आहे. मला समुद्राच्या गोष्टी खूप आवडतात पण त्या सगळ्या इंग्रज लोकांच्याच असतात. आपल्याकडचं कोणी शिडाच्या बोटीतून एकटं जगाला फेरी मारून आलंय का? खरी गोष्ट पाहिजे, बनवलेली नको. – एक वाचक, रत्नागिरी

आलंय की! आणि ती बोट तुझ्यापासून फार लांब नाही, खाली गोव्यात बांधली गेली.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी म्हणून नौदलातले मोठे अधिकारी होते, रिटायर झाल्यावर फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे, म्हणजे समुद्रापासून चांगलेच आत, पण डोक्यात समुद्रच. त्यांची इच्छा अशी की एखाद्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीला फेरी मारावी आणि बोटसुद्धा भारतातच बांधलेली असावी. २००६ मधे नौदलात विचारणा झाली की कोण तयार आहे, तेव्हा कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. तेव्हा बोट नव्हती, बोट बांधायचे पैसे नव्हते, आणि हे आधी केलेला एकही भारतीय नव्हता ज्याला जाऊन विचारावं. मग गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांचं बोटी बांधायचं यार्ड सापडलं. त्यांनीही अशी बोट कधी बांधली नव्हती. दोघेही शिकत शिकत बांधत गेले आणि ५६ फुटांची बोट तयार झाली, म्हणजे आपल्या दीड एसटीएवढी लांब, नाव 'म्हादई', कारण मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव म्हादई.

आता नियम ऐक, कारण नियमांशिवाय या गोष्टीची मजा नाही. जिथून निघाला तिथेच परत यायचं, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं पार करायची, सुएझ किंवा पनामासारख्या कालव्यातून शॉर्टकट मारायचा नाही, आणि कमीत कमी २१,६०० नॉटिकल मैल झाले पाहिजेत. हा आकडा कुठून आला माहितीये का? ३६० गुणिले ६० करून बघ. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आता एकूण किलोमीटर काढ आणि भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीचा परीघ बघ, मग तुझं तुलाच कळेल.

दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि मे २०१० मधे परत आले, नऊ महिने. मधे चारच ठिकाणी थांबले, ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमधे लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि मग केप टाउन. नकाशा घे आणि त्यावर हाताचं बोट फिरव, तुला दिसेल की जवळजवळ सगळा रस्ता पृथ्वीच्या खालच्या भागातून जातो. दक्षिणेला ४० अंशांच्या खाली गेलं की वाऱ्याला अडवायला जवळपास जमीनच नाही, तो पृथ्वीभोवती गोल गोल फिरत राहतो, आणि लाटा बिल्डिंगएवढ्या होतात. दक्षिण अमेरिकेचं टोक, केप हॉर्न, तिथे तर जुने खलाशी नाव काढलं तरी दचकायचे. तिथून हा माणूस एकटा गेला. एकटा म्हणजे काय याचा नीट विचार कर. सलग आठ तास झोप नाही, छोट्या छोट्या डुलक्या, कारण सुकाणूवर दुसरं कोणी नाहीये. स्वयंपाकी तूच, डॉक्टर तूच, रात्री दोनला शीड फाटलं तर शिवणारा पण तूच. कट्ट्यावर पहिला प्रश्न दरवेळी एकच येतो, बोटीत संडास असतो का? असतो, आणि खवळलेल्या समुद्रात तो वापरणं हे वेगळंच साहस आहे.

गोष्ट इथे संपत नाही. दोंदेंच्या सफरीत किनाऱ्यावरून मदत करणारा एक तरुण अधिकारी होता, अभिलाष टॉमी. त्याने २०१२-१३ मधे त्याच म्हादईतून फेरी मारली आणि यावेळी कुठेही न थांबता, १५१ दिवस! मग २०१८ मधे तो गोल्डन ग्लोब नावाच्या शर्यतीत उतरला, जिथे जुन्या काळासारखंच जायचं, नकाशा आणि सेक्स्टंट (सूर्य-तारे बघून आपण कुठे आहोत ते काढायचं यंत्र) घेऊन, जीपीएस नाही. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, त्याची पाठ इतकी जबर दुखावली की उठता येईना. तसाच पडून राहिला तीन दिवस, आणि त्याच शर्यतीतला एक आयरिश खलाशी, ज्याची स्वतःची डोलकाठी मोडलेली होती, तो तशाच बोटीने त्याच्या दिशेने निघाला होता. शेवटी एका फ्रेंच जहाजाने दोघांनाही उचललं. अभिलाषच्या पाठीत टायटॅनियमचे रॉड बसवले. आणि २०२२ मधे तो पुन्हा त्याच शर्यतीला उभा राहिला, २३६ दिवस बोट चालवली आणि २०२३ मधे दुसरा आला. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर.

आणि आता तुझ्या त्या इंग्रजांबद्दल. जगात सगळ्यात आधी एकट्याने, कुठेही न थांबता फेरी पूर्ण केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मधे, ३१२ दिवसांत. नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारे हे एकटेच. त्यांची बोट 'सुहैली' फक्त ३२ फुटांची, सागवानी, आणि ती कुठे बांधली होती सांग? मुंबईत! आपल्याच सुतारांच्या हातची. पुढे दोंदे तयारीसाठी याच नॉक्स-जॉन्स्टनांकडे शिकायला गेले होते. आता पृथ्वीचा गोल घेऊन एक दोरा मुंबईपासून मुंबईपर्यंत लाव, पोर्ट स्टॅन्लीला टाचणी टोच, आणि मला फोटो पाठव.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. साहसकथांचा तास घेतला तर पाचवीतली एक मुलगी म्हणाली, सर, समुद्रात न् डोंगरावर फक्त बाप्येच जातात का? मला पटकन एकही नाव सुचलं नाही आणि फार वाईट वाटलं. – एक शिक्षक, नंदुरबार

सर, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या तासाला तिला आरती साहाची गोष्ट सांगा, पूर्ण तास लागेल.

कोलकात्याची मुलगी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधे पोहायला गेली तेव्हा ११ वर्षांची होती, म्हणजे तुमच्या वर्गात बसेल एवढी. मग तिने ठरवलं इंग्लिश खाडी पोहायची, फ्रान्स ते इंग्लंड. सरळ रेषेत ती सगळ्यात अरुंद जागी साधारण ३४ किलोमीटर आहे, पण भरती-ओहोटीचे प्रवाह आडवे ओढतात म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त पोहावं लागतं. पाणी थंडगार, जेलीफिश चावतात, बरोबर बोट असते पण तिला हात लावायचा नाही, हात लागला की संपलं! खाणंपिणं पण पाण्यातच, पोहत पोहत.

२७ ऑगस्ट १९५९ ला ती निघाली. वाट दाखवणारी बोटच उशिरा आली, त्यामुळे पाण्याची अनुकूल वेळ हुकली. तरी तासन् तास पोहत ती इंग्लंडच्या किनाऱ्यापासून साधारण पाच मैलांवर पोचली, किनारा जवळ आला आणि प्रवाह उलटा फिरला. हात मारतेय, मारतेय आणि जागेवरच. शेवटी बोटीवरच्या लोकांनी तिला थांबायला लावलं. तिला थांबायचं नव्हतं, हे मुलींना नक्की सांगा. आणि चूक तिची नव्हती, तरी भोगलं तिने, हेही सांगा, कारण असं मुलांच्या आयुष्यातही होत असतं आणि त्यांना ते लगेच कळतं.

मग एक महिन्याने, २९ सप्टेंबर १९५९, पुन्हा त्याच थंड पाण्यात. १६ तास २० मिनिटं. पोचली. नुकती १९ वर्षांची झाली होती. खाडी पोहणारी आशियातली पहिली बाई. १९६० मधे पद्मश्री मिळाली.

हे झालं की फळ्यावर 'तारिणी' लिहा. तीही गोव्यातच बांधलेली बोट, म्हादईची धाकटी बहीण. नौदलातल्या सहा जणी, वर्तिका जोशी कॅप्टन, १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि जग फिरून २१ मे २०१८ ला परत आल्या, आणि त्यांना शिकवलं होतं वरच्या उत्तरातल्या दिलीप दोंदेंनीच. मग २०२४-२५ मधे तीच बोट घेऊन दिलना आणि रूपा अशा दोघीच फिरून आल्या. आणि डोंगराचं म्हणाल तर तेलंगणातली मालावत पूर्णा, शेतमजुराच्या घरातली, सरकारी निवासी शाळेत शिकणारी, २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर पोचली तेव्हा तिला १४ वर्षंही पूर्ण नव्हती. तुमच्या त्या मुलीला माझ्याकडून सांगा की प्रश्न एकदम बरोबर विचारलास.

मुलगी सात वर्षांची आहे, अंधाराला फार घाबरते. तिला धीट करायचं म्हणून साहसकथा सांगतो, पण त्यात कोणी मेलं की ती झोपतच नाही. तो भाग गाळावा का? – एक बाबा, ठाणे

गाळू नका, पण तिला झेपेल अशा आवाजात सांगा आणि दिवसा सांगा, रात्री नाही. आणि 'धीट करायचं म्हणून' हे तिच्या लक्षात आलं तर ती गोष्ट ऐकणारच नाही, औषध पाजल्यासारखं वाटेल तिला.

मी तुमच्या जागी असते तर थायलंडच्या गुहेची गोष्ट सांगितली असती. २३ जून २०१८, फुटबॉलच्या प्रॅक्टिसनंतर १२ मुलं आणि त्यांचा तरुण कोच थाम लुआंग गुहेत फिरायला गेले आणि मागे पावसाचं पाणी भरलं. सगळ्यात छोटा ११ वर्षांचा. काळोख. नऊ दिवस खायला काही नाही, भिंतीवरून झिरपणारं पाणी प्यायचे. कोच आधी बौद्ध मठात राहिलेला, त्याने मुलांना शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं, म्हणजे ताकद कमी खर्च होते आणि भीतीही कमी होते. २ जुलैला दोन ब्रिटिश पाणबुडे तोंडापासून साधारण चार किलोमीटर आत पोचले आणि टॉर्चच्या उजेडात तेरा चेहरे दिसले, सगळे जिवंत! एका मुलाला इंग्रजी येत होतं, तो त्यांच्याशी बोलला.

सापडले तरी बाहेर कसं काढायचं? इथे तिला विचारा, सात वर्षांची पोरं जबरदस्त आयडिया देतात, आमच्याकडे एकाने पाईपातून ओढायचं म्हटलं होतं. खरं काय झालं तर जगभरातून माणसं आली. पंप लावून पाणी उपसायला सुरुवात झाली, त्या कामात मदत करायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही गेली होती आणि सांगलीजवळच्या किर्लोस्करवाडीत पंप तयार करून ठेवले होते. उपसलेलं पाणी जवळच्या भातशेतांत शिरलं, लावणी बुडाली, आणि तिथले शेतकरी म्हणाले चालेल, आधी पोरं बाहेर काढा. काहींनी तर नुकसानभरपाईही घेतली नाही. मला स्वतःला या गोष्टीत हे शेतकरी सगळ्यात जास्त आवडतात.

आणि मग समान गुनान. थायलंडच्या नौदलाचा माजी पाणबुडा, नोकरी सोडलेली, तरी मदतीला आला. ६ जुलैला गुहेत हवेच्या टाक्या ठेवून परत येताना त्याचा जीव गेला. ८ ते १० जुलैमधे मुलांना भूल देऊन, तोंडाला मास्क लावून, पाणबुड्यांनी एकेकाला बाहेर आणलं, तेराच्या तेरा. समानचं नाव गाळलं तर ते तेरा जण जादूने बाहेर आल्यासारखे वाटतात. तुमची मुलगी रडली तर रडू द्या, जवळ घ्या. आमच्या कट्ट्यावर एक मुलगा हे ऐकून काहीच बोलला नाही आणि पुढच्या शनिवारी समानचं चित्र काढून घेऊन आला, टाक्यांसकट.

साहसकथेत नायक जिंकलाच पाहिजे, नाहीतर मुलांपुढे आदर्श काय राहणार? तुम्ही मागच्या अंकात हरलेल्यांच्याही गोष्टी सांगा म्हणालात, ते मला अजिबात पटलं नाही. – एक आजोबा, वय ७४, पुणे

आजोबा, तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत ते आवडलं. मी फक्त एक गोष्ट सांगते, नातवंडांना सांगून बघा आणि मग मला कळवा.

अर्नेस्ट शॅकल्टन १९१४ मधे अंटार्क्टिका खंड आरपार चालत ओलांडायला निघाला. ओलांडणं सोडा, तो त्या जमिनीवर पोचलासुद्धा नाही. जानेवारी १९१५ मधे त्याचं जहाज 'एन्ड्युरन्स' बर्फात अडकलं, महिनोन् महिने अडकून राहिलं, बर्फाने हळूहळू चिरडलं आणि २१ नोव्हेंबर १९१५ ला बुडालं. २८ माणसं बर्फावर, तीन छोट्या होड्या, आणि ते कुठे आहेत हे जगात कोणालाच माहिती नाही. त्या क्षणापासून त्याने आधीचा बेत सोडून दिला आणि एकच काम धरलं, सगळ्यांना घरी न्यायचं.

त्यात एक चोरून आलेला पोरगा होता, पर्सी ब्लॅकबोरो, अठराएकोणीस वर्षांचा, ब्युनोस आयर्सला कपाटात लपून जहाजावर चढलेला. शॅकल्टन त्याला म्हणाला म्हणे की उपाशी मरायची वेळ आली तर पहिल्यांदा तुला खाऊ! नातवंडं इथे हसतील, आणि पुढे हिमदंशाने त्याच पोराच्या एका पायाची बोटं, उलट्या घातलेल्या होड्यांच्या खाली, थोड्याशा क्लोरोफॉर्मवर कापावी लागली हे ऐकून गप्प होतील.

एप्रिल १९१६ मधे ते एलिफंट बेटावर पोचले, पण तिथे कोणी येणार नाही हे माहीत होतं. मग शॅकल्टन आणि पाच जण सात मीटरच्या होडीतून जगातल्या सगळ्यात वाईट समुद्रात निघाले, साधारण १३०० किलोमीटर, साउथ जॉर्जियाला पोचले तर बेटाच्या चुकीच्या बाजूला! वस्ती पलीकडे. मग तिघं जण, ज्या डोंगरांतून कोणी कधी गेलं नव्हतं त्यातून ३६ तास चालत पलीकडे गेले, बुटांना होडीचे स्क्रू लावून, म्हणजे बर्फावर घसरू नये. मागे एलिफंट बेटावर २२ जण थांबलेले. त्यांचा प्रमुख फ्रँक वाइल्ड, तो रोज सकाळी सगळ्यांना सामान बांधायला लावायचा, बॉस आज येईल म्हणून. रोज. चार महिन्यांवर. शॅकल्टनने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बर्फाने मागे फिरवलं, चौथ्यांदा चिलीच्या 'येल्चो' नावाच्या छोट्या बोटीने ३० ऑगस्ट १९१६ ला तो पोचला. २२ च्या २२ जिवंत.

आणि अजून एक, हेही लपवायचं नाही. अंटार्क्टिकाच्या दुसऱ्या बाजूला त्याचीच एक वेगळी तुकडी त्याच्या वाटेवर अन्नाचे साठे ठेवत होती, ज्या वाटेने तो कधी गेलाच नाही. त्यातले तीन जण वारले. आमच्या कट्ट्यावर यावर दोन गट पडले होते, शॅकल्टन जिंकला की हरला, आणि सातवीतला एक मुलगा म्हणाला दोन्ही. आजोबा, तुमचं उत्तर काय ते वाचायला मला खरंच आवडेल, पुढच्या अंकात छापू.

मुलगा गोष्टी ऐकून गच्चीच्या कठड्यावर चढला. आता सांगायच्याच बंद कराव्या का? – एक आई, कोल्हापूर

बंद नका करू, पण चूक गोष्टीत कुठे झाली ते बघा. आपण उडी सांगतो आणि दोरी सांगत नाही. दोंदेंना निघायच्या आधी तयारीला तीन वर्षं लागली, ते सांगा. पाठीला दोरी, दोरीला गाठ, ती गाठ कोणी तपासली, हे सगळं सांगा, आणि मग त्याला चांगल्या प्रशिक्षकाकडे क्लाइंबिंगच्या भिंतीवर घेऊन जा, हार्नेस घालून. मागच्या पावसाळ्यात माझ्या भाचीला एका ट्रेकवाल्यांनी चाळीस मुलांमागे दोन मोठी माणसं एवढ्यावर गडावर नेलं होतं, पोर घसरली, नशिबाने खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून मी आधी विचारते, किती मुलांमागे किती जण, फर्स्ट एड कोणाकडे, पाऊस वाढला तर कुठून परतायचं. उत्तर नीट मिळालं नाही तर नाही पाठवायचं. आणि हो, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी माणसं रात्री-बेरात्री दरीत उतरून अडकलेल्या लोकांना वर काढतात, त्यांच्या गोष्टी सांगा तुमच्या लेकाला, त्यात दोरीच दोरी आहे.

आम्ही जर्मनीत आहोत, मुलांना मराठी समजतं पण वाचता येत नाही. – एक आई, म्युनिक

मग वाचायला लावूच नका आत्ता, सांगा. रोज दहा मिनिटं, आणि अडेल अशा जागी थांबा. एलिफंट बेटावर २२ जण, सामान बांधून बसलेत, समुद्रात काहीच दिसत नाहीये, चला झोपा आता. आणि आजी-आजोबांना व्हॉइस मेसेज करून पुढचा भाग पाठवायला सांगा. आमच्या कट्ट्यावरच्या एका मुलीची आत्या तिकडेच असते, तिच्या पोरांना ही मुलगी दर रविवारी शनिवारची गोष्ट फोनवर सांगते, आणि मधेच थांबली की ती तिकडून मराठीतून ओरडतात, मग पुढे काय झालं!